पुट्टी लावण्याआधी

— नाही, ती भिंत सोडून बाकी कुठलीही करा, पोपटराव. हॉलमधली करा, स्वयंपाकघरातला तेलकट कोपरा करा, पॅसेजमध्ये साईने गाड्या घासून पाडलेले चर भरा — या खोलीची घाई कशाला? नम्रता म्हणाली असेल, मुलांच्या खोलीपासून सुरुवात करा. म्हणणारच. जाताना तुमच्या हातात चिठ्ठी दिली ना? बघू. ‘एक — मुलांची खोली, खिडकीसमोरची भिंत, पूर्ण.’ पूर्ण, आणि खाली दोन रेघा. ओल आलीय हॉलमध्ये, तिथं एकही रेघ नाही, आणि इथं दोन. एवढी निकड कशाची, हे तुम्हाला विचित्र वाटत नाही? मला वाटतं. मला बऱ्याच गोष्टी विचित्र वाटतात, हे मान्य आहे, पण — ती काठी राहू द्या, हो, भिंतीलाच टेकवलेली असू दे. मी बसतो या पलंगावर. मुलांचा पलंग, बुटका आहे, एकदा बसलो की उठायला मला दोन-तीन प्रयत्न लागतात, तेव्हा आता मी इथंच आहे असं धरून चाला.

तुम्हाला सांगितलं असेल ना सगळं? नाही? फक्त रंगकाम म्हणाले? बरं. हे घर विकायचंय. धनकवडीतलं हे घर, तिसरा मजला, एकतीस वर्षांचं, माझ्या नावावर. राहणारे आम्ही पाच — मी, माझा मुलगा शुभंकर, सून नम्रता, आणि दोन मुलं, राधा सहा वर्षांची, साई साडेतीन. शुभंकरचं ऑफिस हिंजवडीला, जाऊन-येऊन तीन तास रस्त्यावर जातात, म्हणून तिकडंच, वाकडला, नवीन घर घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांचं ठरलं आणि मला सांगितलं. मी ‘उत्तम’ म्हणालो. उत्तम म्हणायची सवय आहे मला, विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचून वाचून लागलेली. परवा सोमवारी घेणारे लोक दुसऱ्यांदा येणार. एकदा घर बघून गेलेत, आता कागद बघणार. म्हणून आज पुट्टी, उद्या रंग, आणि ओल्या पुट्टीला मुलांचे हात लागू नयेत म्हणून सगळे कात्रजला गेलेत, वाघ बघायला. चारपर्यंत येतील. मला नेलं नाही. ‘बाबा, तुम्हाला तेवढं चालणं व्हायचं नाही’ — यात खोटं काही नाही, नाहीच होत मला. पण विचारता आलं असतं. विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, ते वेगळं.

तुम्ही मघाशी घरात शिरलात तेव्हा काय वाटलं, खरं सांगा. इथं कुणी राहत नाही असं वाटलं ना? तेच हवंय. नम्रताने कुठलातरी व्हिडिओ बघितलाय — घर विकायचं असेल तर आधी त्यातली माणसं काढायची. म्हणजे माणसांच्या खुणा. घेणाऱ्याला तिथं स्वतःचं बिऱ्हाड दिसलं पाहिजे म्हणे. त्यामुळे फ्रिजवरची चित्रं गेली, हॉलमधला आमच्या हिचा फोटो गेला, मुलांच्या सायकली पार्किंगमध्ये गेल्या. खेळणी एका मोठ्या टबात, आणि कुणी बघायला येतंय असा फोन आला की तो टब गाडीच्या डिकीत. साईला वाटतं हा खेळ आहे. बेल वाजली की तो स्वतःच जाऊन टबात बसतो, गुडघे पोटाशी घेऊन, ‘मला पण लपवा’ म्हणून. सगळे हसतात. मी हसत नाही. माझी पुस्तकं, अकरा खोकी, शनिवार पेठेत आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन पडली. हॉलमध्ये तीन पेट्या ठेवल्यात, बघितल्या असतील — ‘न्यायचं’, ‘द्यायचं’, ‘टाकायचं’. हा माझ्या अंगातला निळा स्वेटर बुधवारी ‘टाकायचं’मध्ये होता. मी तो गुपचूप काढला आणि घातला, आणि उकडत असलं तरी तेव्हापासून उतरवलेला नाही. अंगावरचा कोण काढणार? आता मी स्वतः कुठल्या पेटीतला, हे काही कुणी लिहून ठेवलेलं नाही. विनोद केला मी. हसला नाहीत ते बरं केलंत.

मी काय काम करत होतो, तुम्हाला कल्पना नसेल. ताम्रपट वाचायचो. जुन्या काळी राजे जमीन दान द्यायचे, ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायचे. ते वाचणं, आणि त्याहीपेक्षा, ते खरे की बनावट ते सांगणं. चाळीस वर्षं. बनावट पट त्या काळीही करायचे हो, जमीन म्हटल्यावर करणारच. आणि बनावट पटाची पहिली खूण कुठली? फार स्वच्छ असतो. ओळ वाकडी जात नाही, कडा झिजत नाही, कोरणाऱ्याचा हात कुठं घसरत नाही. खरी वस्तू इतकी नीटनेटकी नसते. त्यामुळे एखादं घर एकाएकी लखलखायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. वाईट सवय असेल. नम्रता चांगली मुलगी आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो — माझ्या गोळ्या, माझं पथ्य, सगळं वेळच्या वेळी. पण चांगलं वागणं हा पुरावा नसतो. वाईट वागणं हाही नसतो म्हणा. मग पुरावा असतो तरी कशाचा, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे, पण ऐकून तर घ्या. बसा ना, तो डबा उलटा करून बसा. पुट्टी काय, अजून कालवलेली दिसत नाही.

नवीन घर आहे अडीच बीएचके. आता ही अर्धी खोली काय प्रकार आहे? दोन पूर्ण आहेत, एक त्या दोघांची, एक मुलांची. उरली अर्धी. मी विचारलं शुभंकरला, ही अर्धी कुणाची रे? ‘बाबा, ती स्टडी आहे, तुमच्यासाठीच घेतलीय.’ मी नकाशा मागून घेतला आणि भिंग लावून बघितला. बिल्डरने प्रत्येक खोलीत पलंग काढून दाखवलाय, मुलांच्या खोलीत तर दोन, आणि या स्टडीत टेबल, खुर्ची, एक कुंडी. पलंग नाही. म्हणजे मी झोपायचं कुठं, कुंडीत? हे मी विचारलं नाही. विचारायचं आणि त्यांनी एकमेकांकडे बघायचं, ते मला बघायचं नव्हतं. दुसरं असं, की गेल्या महिन्यात रद्दीत एक रंगीत पत्रक सापडलं — तळेगावकडं कुठंतरी ज्येष्ठांसाठी वसाहत, चोवीस तास डॉक्टर, सात्त्विक जेवण, वर एक म्हातारा-म्हातारी कशाला तरी पोट धरून हसतायत. असली पत्रकं वर्तमानपत्राबरोबर येतात, मान्य, अख्ख्या सोसायटीत आलं असेल. पण आमचं दुमडलेलं होतं, बरोबर मधोमध. न वाचता पत्रक कोण दुमडतं? — पेपरवाला दुमडतो, हो, तेही लक्षात आलं माझ्या, पण नंतर आलं, तोवर चार रात्री गेल्या होत्या. आणि तिसरं ही राधा. आठवडाभर मी या खोलीशी आलो की गप्प. परवा तर दारात आडवी उभी राहिली, ‘आजोबा, आत नाही यायचं, अजून झालं नाहीये.’ काय झालं नाहीये? ‘सिक्रेट.’ आता सहा वर्षांच्या पोरीला सिक्रेट कोण शिकवतं?

ही भिंत अशी का, ते सांगायचं राहिलंच. नम्रताने मुलांशी सौदा केला होता — ही एक भिंत रंगवायचीच आहे, तर आठवडाभर हिच्यावर काय हवं ते काढा, बाकी घरात कुठल्याही भिंतीला बोट लावायचं नाही. हुशार आहे ती. शुभंकरने मेणाचे खडू आणले, तिने बुधवार पेठेतून स्केचपेन आणले, पाण्याने निघतात ते, हातापायावरून धुवायला सोपे. म्हणजे बघा, सगळं घर पुसलेलं, धुतलेलं, आणि ही एवढी एक भिंत मुलांच्या ताब्यात. मोठी माणसं आपसात जे बोलतात ते मुलांच्या चित्रात उतरतंच, कुणी कितीही दाबलं तरी. यांच्या लेखी ही घाण आहे, माझ्या लेखी हा या घरातला एकमेव अस्सल लेख आहे. आज निघताना राधा माझ्या कानाशी आली, म्हणाली, ‘आजोबा, आता बघा. पण आम्ही गेल्यावरच हं, नाहीतर मला लाज वाटेल.’ गेल्यावरच का? समोर का नाही? लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात?

लिफ्टचं दार लागलं, तुम्हीही सामान आणायला त्यांच्याबरोबर खाली गेलात, आणि मी कामाला लागलो. या कामाची एक पद्धत असते, पोपटराव. डोंगरात एखाद्या शिळेसमोर उभं राहिलं की पहिल्यांदा वाचायचं नाही. वाचायला गेलात की मन पुढं पळतं, आणि नसलेली अक्षरं दिसायला लागतात. पहिल्यांदा पृष्ठभाग साफ करायचा, पाणी आणि मऊ ब्रश. मग ओला कागद बसवायचा, ठोकायचा, शाई फिरवायची आणि त्याचा ठसा उचलायचा. वाचन शेवटी. आता इथं ठसा कसला घेणार, पण पहिली पायरी तरी चुकवू नये म्हणून मी बादलीत फडका भिजवला आणि भिंत वरपासून खालपर्यंत पुसून घेतली. हलक्या हाताने. साईच्या बिस्किटाचे हात असतात, धूळ असते. चष्मासुद्धा पुसून झाल्यावर लावला — ती माझी शिस्त, विद्यार्थ्यांनाही तेच सांगायचो, आधी हात, मग डोळे. ती तुमच्या पायाशी आहे तीच बादली. जरा सरकवा, लाथ लागेल.

आता या माझ्या जागेवरून बघा. हे घर. बारा-तेरा खिडक्या एकावर एक, म्हणजे हे नव्हे, वाकडचं. लाल छप्पर, तिथल्या आमच्या अकराव्या मजल्याला छप्पर नसतं, पण ते असू दे. आत, डावीकडून — हा शुभंकर, हातात चौकोन आहे तो लॅपटॉप. ही नम्रता, केस जमिनीपर्यंत. ही राधा स्वतः, मुकुट घातलेली. मग मधे थोडी जागा, तिथं ही एक तपकिरी उभी रेघ, वरच्या बाजूला वाकवलेली, तो मी खांब धरतो, किंवा नळ असेल, आणि मग हा साई, टबात बसलेला. झाले किती? चार. घर संपलं. आता इकडे या, उजवीकडे, घराच्या बाहेर. हे फाटक. आणि फाटकाशी हा एकटा, छोटासा, डोक्यावर केस नाहीत, सपाट. हा कोण? बोला ना. तुम्ही बोलणार नाही. तुम्ही सभ्य माणूस आहात. हातात काठी नाही हे मलाही दिसतंय, पण मुलं विसरतात. फाटकाच्या बाहेर, पोपटराव. आतसुद्धा नाही, बाहेर. आणि तोंड कुठं, तर घराकडं. एक गोष्ट मात्र मला लागत नाही. निळा रंग कुठंच नाही. आकाशसुद्धा नाही. आणि गुरुवारी तर निळा स्केचपेन संपला म्हणून केवढी रडली होती ती, शुभंकरला ऑफिसातून आल्या आल्या परत खाली पाठवलं. मग निळा संपला कशात? नोंद करून ठेवली मी, आणि पुढं गेलो. सगळंच लागायला पाहिजे असं नाही. चार आत आणि एक बाहेर, एवढं वाचन स्वच्छ आहे.

आणि मग म्हटलं, बरं झालं आपण ते सर्टिफिकेट काढून ठेवलं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हो — घर आपलं असल्याचा मूळ कागद, तो बघितल्याशिवाय सोमवारी ते लोक पुढं जायचे नाहीत. तीन दिवस झाले, शुभंकर कपाटं उपसतोय, बँकेच्या लॉकरला जाऊन आला, रात्री नम्रताशी कुजबुजत होता, ‘बाबांना विचारू का परत?’ — कुठून सापडणार, माझ्या ठशांच्या गुंडाळीत कोण हात घालतंय, त्या धुळीला सगळे — म्हणजे. मी बोललो का हे? बोललो. बरं. आता तुम्हाला कळलं. तुम्ही कुणाला सांगणार नाही असं मी धरतो, पण सांगितलंत तरी तुमची चूक नाही. तुम्ही म्हणाल, घर तुमच्या नावावर, सही तुमची लागणार, मग नाही म्हणायचं सरळ, कागद कशाला लपवायचा? नाही म्हणायला कारण द्यावं लागतं. ‘मला वाटतं तुम्ही मला मागं ठेवणार’ हे कारण आहे का? पुराव्याशिवाय मी आयुष्यात कुणावर आरोप — नाही, हेही खरं नाही. एकावर केला होता.

भीमराव नाव त्याचं. कात्रजच्या घाटाखालच्या गावातला, आता ते गावही महापालिकेत आलं. विहीर खणताना त्याला ताम्रपटाचा एक पत्रा सापडला. फेटा बांधून, नव्या उपरण्यात गुंडाळून आणला संस्थेत, आणि माझ्या टेबलावर उघडला, तर आरशासारखा चकचकीत. आठशे वर्षांचं तांबं असं असतं का? वर काळा-हिरवा थर पाहिजे, तो औषधाला नाही. मी दहा मिनिटांत निकाल दिला. बनावट. तो म्हणाला, ‘साहेब, चिंच लावून रातभर घासलाय आमच्या मंडळीनं. देवाचा लेख हाय, तसाच मळका कसा आणायचा तुमच्याकडं?’ माझे दोन सहकारी हसले. मीही हसलो असेन. गावात कळलं की भीमरावाने खोटा पत्रा बनवून आणला, जमिनीसाठी. लोक तोंडावर बोलले त्याला. अकरा वर्षांनी त्याच विहिरीशेजारी त्याच संचातला दुसरा पत्रा निघाला, न घासलेला, हिरवागार, तेच अक्षर, तोच हात. एका विद्यार्थ्याने फोटो पाठवला. मी रात्रीत दुरुस्तीचं टिपण लिहून काढलं, चार पानं, ‘माझ्या पूर्वीच्या निर्णयात चूक झाली’ असं स्पष्ट. आणि पाठवलं नाही. आधी म्हटलं, आणखी एकदा तपासू. मग निवृत्ती आली. मग भीमराव गेला. ते टिपणही त्याच गुंडाळीत आहे, या पलंगाखाली, सर्टिफिकेटला गुंडाळलेलं. शर्मिलाला माहीत होतं — आमची ही — तिला मी सांगितलं होतं, ती म्हणाली होती, ‘अहो, गावात जाऊन सांगा ना, छापायचं नंतर बघा.’ तिला या कामातलं काही कळायचं नाही असं मी समजत होतो.

काय बघताय तिथं? बादलीत काय आहे, माझा फडका आहे. पिळू नका, असू दे — निळं पाणी? कसलं निळं? स्वेटरचा रंग गेला असेल. बाही भिजली असेल माझी. नाही, बाही कोरडी आहे. आणा इकडे तो. हं. हा स्वेटरचा निळा नाही. स्वेटर फिका आहे, हा — थांबा. तुम्ही काय म्हणालात, परत म्हणा. मेणाचा खडू पाण्याने जात नाही. बरोबर, आणि स्केचपेन जातो. हे मला माहीत आहे, मीच मघाशी तुम्हाला सांगितलं, हातापायावरून धुवायला सोपे म्हणून आणले. मीच सांगितलं. — काठी कशाला उचललीत? कुठं नेताय? त्या रेघेशी धरू नका अशी, अहो, ती रेघ खांब आहे.

खांब आहे ती.

खांब वरून वाकलेला नसतो, तुमचं म्हणणं. मूठ आहे ती. आणि रंगही तोच. तपकिरी काठी तिने खडूने काढली, आणि काठी धरणारा — राधा आणि साई यांच्या मधे जागा आहे, ते मी वाचलं होतं, पोपटराव, ‘मधे थोडी जागा’ असं माझ्याच तोंडून तुम्ही ऐकलंत. एवढी जागा लहान मूल कधी रिकामी सोडत नाही. अख्खा निळा स्केचपेन संपवला तिने या जागेत. आणि मी पहिल्यांदा पुसलं आणि मग चष्मा लावला. मग बाहेरचा हा कोण? डोक्यावर सपाट — टोपी. वॉचमनची टोपी आहे ती. तो साईला शिट्टी वाजवायला देतो. असेल.

असेल म्हणतो मी, आहे असं म्हणत नाही. काठी आहे म्हणून माणूस होता हे सिद्ध होत नाही. शर्मिलाला जाऊन नऊ वर्षं झाली, तिचा चष्मा अजून कपाटात आहे. वस्तू राहतात मागं, न्यायच्या पेटीतसुद्धा जातात. निळं काय, तिने पाऊसही काढला असेल तिथं. घरात पाऊस नाही काढणार, हो, पण नळाचं पाणी काढेल. मला जे हवंय तेच मी आता वाचतोय का? हा माझा जन्माचा आजार आहे. घड्याळात किती वाजले? पावणेचार? अहो मग बसलात काय, लावा पुट्टी. कालवा पटकन. दोन हात मारा यावर, झाकून टाका, तुमच्या चिठ्ठीत पहिलं कामच हे आहे — ती आली आणि बघितलं की मधला माणूस गेला, तर विचारेल, कुणी पुसलं. पुट्टी लागलेली असली की काही विचारणार नाही, तिला वाटेल तुम्हीच केलं, तिला माहीतच आहे आज तुम्ही पुट्टी लावणार. मला म्हणेल, ‘बघितलं का आजोबा?’ मी म्हणेन, उत्तम. लावा, लावा ना. मी सांगतोय.

थांबा. हात खाली घ्या.

ती जी चार पानं आहेत ना, त्यांचीही मी अशीच पुट्टी केली. एकदा लावली की खाली काय होतं ते मलाच आठवेनासं होतं. नको. भिंत अशीच ठेवा. पॅसेज करा, हॉल करा, नम्रता विचारेल तर सांगा, म्हाताऱ्याने हात लावू दिला नाही, आणि ते खरंच आहे. चाळीस वर्षांत मी लेख कोरणाऱ्याला कधी विचारू शकलो नाही, इथं काय लिहिलं होतंस म्हणून, कारण तो मेलेला असायचा. ही तर आता लिफ्टने वर येणार आहे. तिला विचारायचं, राधा, इथं कोण होतं? आणि आधी सांगायचं की मी पुसलं. आधी सांगायचं, मग विचारायचं. हा क्रम बरोबर आहे ना? मला क्रमांचा आता भरवसा वाटत नाही. रडेल ती. दुसरं कुणी असेल तिथं तर तेही सांगेल, मुलांना राखून बोलता येत नाही. नवा निळा पेन आहे, शुभंकरने गुरुवारी दोन आणले.

एवढं एक करा. मला वाकता येत नाही. या पलंगाखाली, भिंतीच्या बाजूला, लांब गुंडाळी आहे, वर दोरी. धूळ असेल. हां, तीच, ओढा. सोडू नका, द्या माझ्याकडे, गाठ मी मारलीय, मीच सोडतो. चार पानं वर आहेत, ती नंतर. कागद आतल्या बाजूला. — हा. हा शुभंकरच्या हातात द्यायचा. पलंगाचं विचारायचं, त्या अर्ध्या खोलीत पलंग कुठं बसतो, सरळ विचारायचं, मग बघू दे त्यांना एकमेकांकडे. ती काठी द्या इकडे. आणि तो फडका — नाही, बादलीतच असू दे, तिला दिसू दे. लिफ्ट आपल्याच मजल्यावर थांबली का? साईचा आवाज आहे. तुम्ही निघा आता, पोपटराव. निघा म्हणतो ना.